मोबाईल स्टार्टर दर पाच मिनिटांनी मोटर बंद करायचा

आमच्याकडे थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. घरून अ‍ॅपवर मोटर चालू केली, की पाच मिनिटांत मेसेज यायचा: 'ड्राय रन, मोटर बंद', म्हणजे मोटर पाण्याविना कोरडी फिरतेय. विहिरीत तर दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल पाणी!

आधी नेटवर्कवर संशय घेतला. सिम बदललं, अँटेना पिंपळाच्या फांदीवर टांगली. सगळं फुकट. मग रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो, वायरमनकडून आणलेला टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, वायरींना लावला. तिन्ही फेजला ४.८ च्या आसपास अँपिअर. पाणी पाइपभर पडतंय. मग ट्यूब पेटली. पाच एचपीची मोटर जळाल्यावर मी जुनी तीन एचपीची सोडली होती, पण स्टार्टरमध्ये ड्राय रनची मर्यादा पाच एचपीचीच, ५.५. करंट त्याखाली, म्हणजे विहीर कोरडी, असं तो बिचारा समजायचा.

मर्यादा ३.५ केली. ओव्हरलोड, म्हणजे करंट किती वर गेला की मोटर बंद करायची ती मर्यादा, पाहिली तर ९ वर! लोड वाढून करंट सात-आठवर गेला असता, तर मोटर जळेपर्यंत हा गप्प बसला असता. तीही ६ वर आणली. त्या रात्री कांद्याचं भरणं पूर्ण झालं. अँटेना अजून पिंपळावरच आहे.