सेरोपेजियावर काम सुरू करताय? फळ धरलं नाही म्हणजे नेमकं काय?

पीएचडीला सेरोपेजिया, म्हणजे आपली कंदीलपुष्पं, मिळाली असतील तर विषय सुंदर आहे आणि छळणाराही आहे. फुलाची नळी, आतले खाली वळलेले केस, अडकणाऱ्या बारीक माश्या हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. म्हणून मी थेट हाताने केलेल्या परागणाकडे वळतो, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिथेच गेला.

इथे पराग सुटे नसतात. शेजारच्या दोन परागकोशांतली पॉलिनिया, म्हणजे परागांचे घट्ट गठ्ठे (एकवचनी पॉलिनियम), फुलातल्याच एका बारीक चिमट्याला जोडलेली असतात. परागकोशांच्या कडांमधल्या फटीत पॉलिनियम शिरलं तरच पुढचं घडतं. पॉलिनियमच्या एका कडेला पारदर्शक पट्टी असते आणि परागनलिका तिथूनच फुटतात. ही कड फटीच्या आत जायला हवी. ती बाहेर राहिली, पॉलिनियम तिरकं बसलं किंवा नुसतं वर टेकलं, तर फळ धरणार नाही. बाहेरून मात्र परागण झाल्यासारखंच दिसतं. अशा फुलांची नोंद 'स्वपरागण: फळ नाही' अशी होते आणि प्रबंधात प्रजाती स्वअसंगत, म्हणजे स्वतःच्या परागांनी फळ न धरणारी, ठरते. हा निष्कर्ष झाडाचा नसतो, हाताचा असतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच हाताने परपरागणही करा. त्यातून फळं येत नाहीत तोवर स्वपरागणाच्या शून्याला काहीही अर्थ नाही. आत पोचायला नळीला खिडकी कापता ना? मग तुलनेसाठी नुसती खिडकी कापून सोडलेली फुलंही ठेवा.

आणखी एक. बागेतल्या चार कुंड्या एकाच वेलाच्या छाटांपासून केलेल्या असतील तर त्यांच्यातलं 'परपरागण' हे स्वपरागणच. रोपं कुठून आली हे आधी विचारा. परागनलिका बीजांडापर्यंत पोचलेल्या दिसल्या म्हणूनही निश्चिंत होऊ नका. याच कुळातल्या अॅस्क्लेपियासमध्ये स्वतःच्या परागनलिका बीजांडात शिरतात आणि नकार त्यानंतर येतो.

घाबरू नका. सुरुवातीला हात थरथरतो, पॉलिनियम सुईवरून निसटतं. सगळ्यांचंच असं होतं. माझं ठाम मत असं की या कामात शेजारी बसून स्टिरिओमायक्रोस्कोपखाली दाखवणारा एक सीनियर हा, 'पेपर कधी होणार?' एवढंच विचारणाऱ्या मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा कितीतरी मोलाचा. असा कोणी दुसऱ्या विभागात असेल तर संकोच न करता तिथे जाऊन बसा.

माश्यांच्या बाबतीत एकच सांगतो. नळीत सापडलेली प्रत्येक माशी परागण करणारी नसते. तिच्या मुखांगाला पॉलिनिया चिकटलेली आहेत का ते बघा आणि फुलाच्या फटीत पॉलिनियम घुसलंय का तेही बघा. दक्षिण आफ्रिकेतली सेरोपेजिया सँडरसनी जखमी मधमाशीसारखा वास सोडून डेस्मोमेटोपा माश्यांना फसवते. हे 2016 साली दाखवलं गेलं, ते वासातली रसायनं आणि माश्या दोन्ही तपासून.

उत्क्रांतीच्या प्रकरणासाठी जेनबँकेतल्या, म्हणजे डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या, सीक्वेन्स उतरवून वंशवृक्ष काढणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ब्रॅकिस्टेल्मा ही उघड्या फुलांची नातेवाईक वंशवृक्षात सेरोपेजियाच्या आतच बसते. 2017 साली तर ती आणि उघड्या फुलांचाच स्टॅपेलियाचा गट सेरोपेजियातच विलीन करण्याची मांडणी झाली. म्हणजे नळीवाल्या आणि उघड्या फुलांचे वंश एकमेकांत गुंतलेले आहेत. फूल चिरून पाहिलं नसेल तर त्या फांद्यांवर तुम्ही काय मांडणार? गुणसूत्रांवर फार भिस्त नको. बहुतेक प्रजातींत ती 22च असतात.

सराव मात्र दुर्मीळ प्रजातींवर करू नका. सह्याद्रीतल्या कित्येक प्रजाती मोजक्याच जागी उरल्यात आणि वनखात्याच्या परवानगीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज पावसाच्या बराच आधी द्या. तोवर रुईच्या फुलांवर हात बसवा. ती मोठी असतात, सहज मिळतात आणि चिमटा उचलणं, फट शोधणं त्यांवर चांगलं जमतं. फक्त रुईत पॉलिनिया खाली लोंबतात आणि सेरोपेजियात ती उभी असतात. त्यामुळे खऱ्या प्रयोगाआधी कंदीलपुष्पाची गळून पडलेली काही फुलं घेऊन दिशा पुन्हा तपासा.