हूपमधील क्विल्टिंग: भरतकामाच्या मशीनवरून या कामाकडे वळणाऱ्यांसाठी

भरतकामाच्या मशीनवर हात बसलेल्या व्यक्तीला हूपमधील क्विल्टिंग सोपे वाटणे स्वाभाविक आहे, कारण मशीन तेच, हूप (कापड धरून ठेवणारी फ्रेम) तोच आणि डिझाइनची फाइल भरण्याची पद्धतही तीच असते. बदलते ते टाक्याचे काम. भरतकामात टाका कापडाची शोभा वाढवतो, तर क्विल्टिंगमध्ये तो वरचे कापड, मधले भरण (बॅटिंग) आणि खालचे अस्तर हे तीन थर एकमेकांना धरून ठेवतो. हे काम करताना आणि नवोदितांना शिकवताना माझ्या लक्षात आले की, ज्यांना हा फरक सुरुवातीलाच उमगतो त्यांना डिझाइन, दोरा आणि हूप निवडताना फारसे अडखळावे लागत नाही.

डिझाइनची निवड हे याचे पहिले उदाहरण. भरीव भरतकामात टाक्यांच्या ओळी साधारण ०.४ मिमी अंतरावर असतात, आणि तशी डिझाइन तीन थरांवर घातली की तो भाग पुठ्ठ्यासारखा ताठ होऊन भोवतालचे कापड ओढले जाते. क्विल्टिंगसाठी एकेरी धावत्या टाक्याची, शक्यतो कोठेही न तुटता पुढे जाणारी रेषा असलेली डिझाइन घ्यावी आणि तिच्यातील टाक्याची लांबी २.५ ते ३ मिमी असावी. मोकळी जागाही फार मोठी राहू नये. टाक्यांच्या दोन ओळींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे बॅटिंगच्या वेष्टनावर दिलेले असते आणि ते वाचूनच डिझाइनचा आकार ठरवावा, अन्यथा काही धुण्यांनंतर भरण सरकून त्याच्या गुठळ्या होतात. मशीनच्या पडद्यावर डिझाइन मोठी करताना बहुधा टाक्यांची संख्या तीच राहते आणि प्रत्येक टाका लांबतो, म्हणून साधारण १० ते २० टक्क्यांपलीकडे आकार बदलायचा असल्यास ते काम संगणकावरील सॉफ्टवेअरमध्येच करावे. फाइलच्या प्रकारांविषयी फार चिंता नको. मशीन पीईएस, जेईएफ, व्हीपी३ यांपैकी कोणता प्रकार वाचते एवढे माहीत असले की पुरे. डीएसटी फाइलमध्ये रंगांची नीट नोंद नसते, परंतु एकाच रंगात होणाऱ्या क्विल्टिंगला त्याने काही बिघडत नाही.

आता हूपच्या मापाकडे वळू. १२० × १६० सेंमीची क्विल्ट २० सेंमीच्या चौरस नमुन्यांनी भरायची असेल तर ६ गुणिले ८, म्हणजे ४८ वेळा हूप लावावा लागतो. तीच क्विल्ट १० सेंमीच्या नमुन्यांनी भरायची झाली तर हा आकडा १९२ वर जातो. लहान हूपवर मोठी क्विल्ट होतच नाही असे नाही, परंतु एवढा संयम आपल्याकडे आहे का, हे काम हाती घेण्यापूर्वीच तपासलेले बरे. मापांत आणखी एक गंमत आहे. ८ इंच म्हणजे २०३ मिमी. त्यामुळे ८ इंची म्हणून घेतलेली डिझाइन २०० मिमीच्या हूपमध्ये मशीन स्वीकारत नाही. कागदावरचा हिशेब प्रथमपासून मिलिमीटरमध्ये केला की हा घोळ होत नाही.

या कामातील खरे कौशल्य हूप लावण्यात आणि जागा जुळवण्यात आहे. शिवण्याचे काम मशीन करतेच. भरतकामात कापड हूपमध्ये घट्ट ताणण्याची सवय लागलेली असते, ती येथे सोडावी लागते. तिन्ही थर सपाट आणि सुरकुतीविरहित असावेत, पण ताणलेले नसावेत, कारण ताणून शिवलेला भाग हूपमधून सुटताच आक्रसतो आणि नमुन्याभोवती चुण्या पडतात. स्क्रूच्या हूपमध्ये तीन थर बसवताना हूपची आतील रिंग अस्तर पुढे ढकलते, म्हणून चुंबकीय हूप परवडत असल्यास तो अवश्य घ्यावा. त्यात थर वरून सरळ दाबले जातात आणि कापडावर वळही कमी उमटतात. मात्र ही चुंबके बोटे चिमटण्याइतकी शक्तिशाली असतात आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने ती हाताळू नयेत. हूप लावल्यावर प्रथम कडेने कच्चा टाका घालून घ्यावा. बहुतेक मशीनमध्ये ही सोय असते, आणि शिवताना थर सरकण्याची बरीचशी शक्यता तेथेच संपते. भरण स्वतःच कापडाला आधार देत असल्याने तीन थरांखाली वेगळा स्टॅबिलायझर (भरतकामात कापडाखाली लावतात तो आधाराचा थर) बहुधा लागत नाही. काठावरील नमुन्यांसाठी हूपला पकड मिळावी म्हणून भरण आणि अस्तर चारही बाजूंनी किमान १० सेंमी जास्त ठेवावे.

जागा जुळवण्यासाठी डिझाइनचा मूळ मापातील छापील साचा, त्यावरील मध्यबिंदू आणि उभी-आडवी रेषा, आणि कापडावर आखलेली चौकट एवढे पुरते. नमुना मागील नमुन्याच्या टोकावरून मोजत गेल्यास प्रत्येक सांध्यातील १ मिमीचा फरक साठत जातो आणि ८ सांध्यांनंतर तो ८ मिमी होतो. म्हणून संपूर्ण क्विल्टची चौकट आधीच आखावी, स्थान त्या चौकटीवरून ठरवावे, आणि मागील नमुन्याच्या टोकाशी जुळणी केवळ हाताने चाक फिरवून सुई खाली टेकवून पडताळावी. क्विल्ट हूपमध्ये किंचित तिरकी बसली तर ती पुन्हा लावत बसू नये. पडद्यावर डिझाइनच एकेका अंशाने फिरवावी. २० सेंमीच्या रेषेत १ अंशाचा तिरकेपणा टोकाशी सुमारे ३.५ मिमी भरतो, म्हणजे डोळ्यांना सहज दिसतो. आखणीच्या पेनबाबत मी काहीशी आग्रही आहे. पाण्याने जाणाऱ्या शाईवर इस्त्री फिरली तर ती पक्की होऊ शकते, आणि उष्णतेने जाणारी शाई कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटू शकते. म्हणून पेन कोणताही असो, त्याच कापडाच्या तुकड्यावर तो प्रथम तपासावा.

क्विल्टची मागील बाजूही दिसणारी असल्याने भरतकामातील नेहमीचा पातळ पांढरा बॉबिन दोरा (खालच्या रिळातील दोरा) येथे शोभत नाही. वर आणि खाली एकाच रंगाचा, शक्यतो एकाच जाडीचा दोरा लावावा आणि मग उरलेल्या कापडावर ताण तपासून घ्यावा. सुरुवातीला एक टाका घेऊन बॉबिनचा दोरा वर ओढून धरला की मागे दोऱ्याचा गुंता होत नाही. सुई ९०/१४ क्रमांकाची असावी आणि वेग मिनिटाला ६०० टाक्यांच्या आसपास ठेवावा. क्विल्टचा उरलेला भाग टेबलाखाली लोंबू देऊ नये, कारण त्या वजनाने हूप सरकवणाऱ्या भुजेला अडथळा होतो आणि डिझाइन मध्येच सरकते. मशीनच्या उंचीचे टेबल डावीकडे व मागे असावे. प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी हूपखालून हात फिरवून दुमडलेले अस्तर अडकलेले नाही ना, हे पाहावे.

पहिलाच प्रयोग पूर्ण क्विल्टवर न करता सुट्या चौकोनांवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन थरांचे चौकोन वेगवेगळे क्विल्ट करून नंतर जोडण्याच्या पद्धतीत वजनाचा प्रश्नच उरत नाही. क्विल्टिंगमुळे चौकोन थोडा आक्रसतो, म्हणून तो हव्या मापापेक्षा १ इंच मोठा कापावा, शिवून झाल्यावर पट्टी आणि रोटरी कटरने काटकोनात छाटावा, आणि जोडणीसाठी पाव इंचाची शिलाईची जागा धरावी. सर्व चौकोनांवरील टाक्यांची दाटी साधारण सारखी असली तरच ते सारखे आक्रसतात.

हे काम व्यवसाय म्हणून करायचे असल्यास दर केवळ टाक्यांवर ठरवू नये. ४,००० टाक्यांचा नमुना ६०० च्या वेगाने सुमारे ७ मिनिटांत शिवून होतो. वरील ४८ नमुन्यांचे हे शिवणकाम सव्वापाच तासांच्या थोडे पुढे जाते. परंतु हूप काढणे, सरकवणे आणि जुळवणे यांना नवशिक्याला तेवढाच किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि हा वेळ मशीनच्या पडद्यावर कोठेही दिसत नाही. म्हणून हूप किती वेळा लावावा लागतो, यावर दर ठरवावा. विकत घेतलेल्या डिझाइनच्या परवान्यात शिवलेली वस्तू विकण्यास मुभा आहे का, हेही ऑर्डर घेण्यापूर्वी वाचून पाहावे. फाइल इतरांना देण्यास बहुधा मनाई असते.