वारं बाजूनं आलं की चाकामागं लपू नका

सोलापुरात उन्हाळ्यात सायकल मारणारी माणसं पहाटेची असतात. पहाटे पाचला 'सात रस्ता' चौकात जमायचं, साडेसातच्या आत घरी, आंघोळ, नाष्टा आणि कामाला. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला टेकतो म्हटल्यावर दुसरं करणार तरी काय? पण शर्यतीचं गणित वेगळं असतं. पत्रकावर सहाची वेळ छापलेली असते. मग पाहुणे येतात, नारळ फुटतो, भाषणं होतात आणि झेंडा पडेपर्यंत सात वाजतात. ८० किलोमीटरची शर्यत असेल तर खरी मारामारी साडेआठच्या पुढं सुरू होते. तोवर माळ तापलेला असतो आणि माळ तापला की वारं सुटतं. पहाटे लिंबाचं पान हलत नसतं, नऊला तोच लिंब वाकून सलाम करत असतो. ज्या हवेत आपण सगळा सराव केला, ती हवा शर्यतीच्या निम्म्या वाटेतच संपते.

सायकल कुठली घ्यावी, बुटाखालचे क्लीट कसे लावावेत, चेनला तेल कधी द्यावं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. वाऱ्याबद्दल मात्र सविस्तर बोलणार आहे, कारण नवीन माणूस मे महिन्यात जिथं मार खातो ती जागा हीच आणि तिच्याबद्दल कुणी धड सांगत नाही.

सांगतात ते एवढंच, "पुढच्याचं चाक सोडू नको." समोरून वारं असेल किंवा हवा पडलेली असेल तर हे सोळा आणे खरं. वेग वाढला की हवेचा अडथळा वर्गाच्या हिशेबानं वाढतो आणि लागणारी ताकद घनाच्या. म्हणजे ताशी ३० किलोमीटरवरून ३६ला जायचं तर वेग पाचव्या हिश्श्यानं वाढतो, पण हवा कापायला ताकद जवळपास पाऊणपट जास्त लागते. पुढच्याच्या आडोशाला राहिलात की त्यातला तिसरा हिस्सा तरी वाचतो. मोहोळकडं जाताना, वारं तोंडावर असताना, हा सल्ला तारून नेतो. अक्कलकोट रोडला वारं पाठीवर असतं, तिथं कसंही बसा, फार फरक पडत नाही.

पण तुळजापूर रोड आणि विजापूर रोड? हे दोन्ही उत्तर-दक्षिण. उन्हाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडून येतं, म्हणजे या रस्त्यांवर ते बरगडीत बसतं. आता डोक्यात चित्र उभं करा. तुम्ही ३६च्या वेगानं चाललाय आणि १८च्या वेगानं वारं बरोबर बाजूनं येतंय. तुमच्या अंगाला लागणारं वारं ना समोरून असतं ना बाजूनं, दोन्हींच्या मधून साधारण २७ अंशांनी तिरकं येतं. पुढच्या माणसाचा आडोसाही तेवढाच तिरका पडतो. त्याच्या चाकाच्या सरळ मागं आडोसा नसतोच. तो असतो मागं आणि बाजूला, जवळपास हातभर सरकून. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी आलं तर तिथं बसता येतं. असे एकामागं एक तिरके बसले की पंख्यासारखी रांग होते. तिला एशेलॉन म्हणतात.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं.

रस्ता संपतो. एका लेनची रुंदी साडेतीन मीटर. प्रत्येकाला तिरकं बसायला पाऊण मीटरच्या आसपास जागा लागते. म्हणजे एका लेनमध्ये चार, फार तर पाच जण मावतात. सहावा कुठं जाणार? तो डांबराच्या कडेला, पाचव्याच्या सरळ मागं जातो. त्याच्या मागं सातवा, आठवा, अशी शेपटी लागते. शेपटीतल्या प्रत्येकाला वाटत असतं की आपण चाक धरलंय, आपण सुरक्षित आहोत. खरं तर प्रत्येक जण पुढारी ओढतोय जवळपास तेवढंच एकट्यानं ओढत असतो, वर कडेची खडी, काचा आणि बाभळीचे काटे फुकट.

आता तुळजापूरहून सोलापूरला परत येताना बघा. तोंड दक्षिणेला, वारं उजवीकडून. आडोसा पडतो डावीकडं आणि आपण चालतो रस्त्याच्या डाव्या बाजूनं. पुढचा हुशार आणि ताकदवान असेल तर तो मध्ये चालतच नाही, डाव्या कडेला चिकटून चालतो. डाव्या हाताला जागाच ठेवत नाही. झालं, एकालाही आडोसा नाही. हा लबाडपणा नाही, हा खेळ आहे. उत्तरेला जाताना हेच उलटं. वारं डावीकडून, आडोसा उजवीकडं, आणि तो दुभाजकाकडं किंवा आखून दिलेल्या हद्दीकडं सरकून मागच्यांची जागा खातो.

मी या शेपटीत सापडलो तो असाच परतीच्या टप्प्यात. खाली मान घालून पुढच्याचं मागचं चाक बघत होतो. पाय जळत होते, पण चाक हातभरावर, म्हणून मन निवांत. आणि फट पडली ती माझ्यापुढं नाही, माझ्या पुढच्याच्याही पुढच्यापुढं. हे नीट समजून घ्या. तुम्ही कितीही दमदार असा, शेपटीत तुमच्यापुढचा कुणीतरी सुटला की तुम्ही त्याच्यासकट सुटता. ती फट भरायची तर त्याला ओलांडून, बाजूच्या वाऱ्यात, एकट्यानं, पुढचे पाच जण आळीपाळीनं ज्या वेगात चाललेत त्याहून जास्त वेगात जावं लागतं. २० मीटरची फट भरता येते. ५० मीटरची नाही भरता येत. निदान मला नाही आली.

यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही. २०१५च्या टूर द फ्रान्समध्ये दुसऱ्याच दिवशी, नेदरलँड्सच्या समुद्रकाठच्या सपाट रस्त्यावर, नायरो किंताना असाच मागं राहिला आणि त्याचा १ मिनिट २८ सेकंदांचा तोटा झाला. तीन आठवड्यांनी पॅरिसला पोचल्यावर तो ख्रिस फ्रूमच्या मागं दुसरा होता, १ मिनिट १२ सेकंदांनी. डोंगरात जगात भारी असलेल्या माणसाची गत ही, तर आपण कोण?

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, वाट कुठं वळते ते आदल्या दिवशी बघून ठेवा. रस्ता पूर्व-पश्चिम चालून उत्तरेला किंवा दक्षिणेला वळला की तिथंच बंच, म्हणजे सगळ्यांचा घोळका, फुटतो. त्या वळणाच्या दोन किलोमीटर आधी पहिल्या दहात या. वळणानंतर पुढं येतो म्हणालात तर येता येत नाही, कारण तोवर रस्ता भरलेला असतो. दुसरं, मान वर ठेवा. देवळावरचा झेंडा, ढाब्यावरचं फडकं, उभ्या ट्रकची ताडपत्री, रस्त्यावरून सरकणारी धूळ, यातून वारं दिसतं. आमच्यात एक अण्णा आहेत, तरुणपणी शर्यती मारलेले, आता गुडघे गेलेत. ते एकच वाक्य बोलतात, "चाक काय बघतोय बे, झेंडा बघ." मला ते सुरुवातीला चक्रम वाटायचे.

तिसरं सगळ्यात अवघड. पहिल्या पंख्यात जागा मिळाली नाही तर शेपटीत जाऊ नका. सहावे असाल तर तिथंच ओरडा, "दुसरी लाइन!" स्वतः वाऱ्याच्या बाजूला सरका, मागच्यांना आडोसा द्या आणि आळीपाळी सुरू करा. पहिला अर्धा मिनिट मागचे शिव्या घालतील. मग त्यांना आडोसा लागला की गप होतील. दुसरा पंखा नीट चालला तर पहिला नजरेच्या टप्प्यात राहतो आणि वळण आलं की पुन्हा गाठता येतो.

हे शर्यतीत पहिल्यांदा करायचं नाही. यात चाकं एकमेकांच्या शेजारी असतात. पुढचा सहज हलला आणि तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्याला घासलं तर तो पुढं निघून जातो आणि पडता तुम्ही. हायवेवर सराव तर अजिबात नको, तिथले टँकर तुमच्या पंख्याला विचारत नाहीत. चौघं जण गोळा करा, संध्याकाळी पाच-साडेपाचला बार्शी रोडनं नान्नजकडं जा. माळढोक अभयारण्याचा तो सगळा परिसर उघडं माळरान आहे, वाऱ्याला आडवं काही नाही. आतला, रहदारी नसलेला रस्ता बघा, पंचविशीच्या वेगानं सुरू करा, एकानं मागं लक्ष ठेवा. घाम निघेल, तोंडात माती जाईल, घरचे म्हणतील ही काय वेळ आहे. हीच वेळ आहे.

आता उन्हाचं बोलतो, थोडक्यात. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. रोज तासभर, सावकाश, घाम निघेल एवढंच. एकदम दुपारी बाराला निघून मर्दुमकी दाखवायची नाही. चक्कर, थंडी वाजल्यासारखं, किंवा घाम बंद, यातलं काही झालं तर तिथंच उतरा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता, घरच्यांना फोन करा. निघताना आणि आल्यावर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे प्यायलेल्या पाण्याशिवाय आणखी साधारण एक लिटर गेलं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही वाईट. ओआरएस घेताना पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का बघा आणि पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला. पुडी अर्ध्या बाटलीत घालून "स्ट्राँग" करणारे पुढच्या गावात झाडाआड बसलेले पाहिलेत मी.

खाण्याचं म्हणाल तर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. केळ्यात २५ ग्रॅमभर मिळतात. केळी, खजूर, गुळाची चिक्की, एवढ्यावर आपल्या शर्यती होतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र शर्यत संपल्यावर. हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण खिशात कडक भाकरी घेऊन आलेला एक जण पाहिलाय. घशात अडकली बिचाऱ्याच्या.

महागड्या चाकांबद्दल माझं मत विचारू नका, तरी सांगतो. खोल रिमची कार्बन चाकं फोटोत झकास दिसतात. मे महिन्यात तुळजापूर रोडला पुढचं चाक वाऱ्यानं असं हिसकतं की हँडल सोडून पाणी पिता येत नाही, आणि पाणी नाही प्यायलं तर पुढं काय होतं ते वर सांगितलंच. तेच पैसे चांगल्या टायरवर घाला. आपल्याकडं वेडी बाभूळ आहे. तिचा काटा टायरमध्ये घुसून मोडतो, टोक आत राहतं, बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली की शंभर मीटरवर पुन्हा फुस्स. म्हणून टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं काटा. बोट फिरवू नका, रक्त निघतं. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट उन्हाळ्यात लवकर वाळतं, दोन महिन्यांनी उघडून बघा.

जिममधल्या कुणी दिलेली "शर्यतीआधीची पावडर" घेऊ नका. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं एकच असेल याची खात्री नसते. आणि नाडाची, म्हणजे उत्तेजकं शोधणाऱ्या सरकारी संस्थेची, चाचणी झाली तर "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर सुटका होत नाही.

गुरू कसा निवडावा, हेही सगळे विचारतात. जो स्ट्राव्हा ॲपवरचे आकडे दाखवतो त्याच्यापेक्षा जो तुमच्या शेजारी सायकल चालवून "अजून अर्धा फूट डावीकडं" म्हणतो तो धरा. ऑनलाइन प्लॅन वाईट नाहीत, पण ते लिहिणाऱ्यानं आपला माळ पाहिलेला नसतो. त्यात "पाच तास, झोन दोन", म्हणजे ठोके कमी ठेवून सावकाश, असं लिहिलेलं असतं. सोलापूरच्या मेमध्ये तिसऱ्या तासाला कसला झोन दोन? वेग तोच असला तरी उन्हानं ठोके वर चढतात. तिथं आकड्याच्या मागं लागू नका, वेग उतरवा.

आणि पहिल्या शर्यतीत ड्रॉप झालात, म्हणजे घोळक्यातून मागं सुटलात तर? होणार. जवळजवळ सगळे होतात. तेव्हा एकट्यानं मुंडी खाली घालून मारत बसू नका. मागं वळून बघा, तुमच्यासारखे आणखी तीन-चार जण वाऱ्यात लटकलेले असतील. दहा सेकंद वेग कमी करा, त्यांना येऊ द्या, हातानं दाखवा कोण कुठं बसणार ते. वारं उजवीकडून असेल तर उजव्याला पुढचा, बाकीचे डावीकडं उतरत. पुढच्यानं पंधरा-वीस पायडल ओढायचं, मग मागं सरकायचं. बोलत चला. अनोळखी माणसंही पाच मिनिटांत जमवून घेतात, आणि तुळजापूरहून हिप्परग्याच्या तलावापर्यंतचा जो पट्टा एकट्याला खायला उठतो तो असा चौघांत निघून जातो.