ठिपक्यांचा गॅस्टेरिया इंदूरच्या गॅलरीत कसा सांभाळायचा

आधी एक क्लिअर करून घ्या, आपल्या इंदूरमध्ये सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, गॅस्टेरिया त्यातलाच) उन्हाळ्यात फारसे मरत नाहीत, मरतात ते जुलै-ऑगस्टात. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला तरी गॅस्टेरिया नुसता रुसून बसतो, वाढ बंद, पानं जराशी आकसतात, बस. झड लागली आणि कुंडी उघड्यावर राहिली की मग खेळ खल्लास.

हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, तिथे झुडपांच्या सावलीत नाहीतर खडकाच्या कपारीत वाढतो, म्हणजे कडक ऊन त्याला नकोच आहे. पण सक्युलंट म्हटलं की लोक डायरेक्ट गच्चीवर नेऊन ठेवतात! नर्सरीत कुणी हावर्थिया म्हणून देतं, कुणी एलोवेराचं पिल्लू म्हणून, पण ओळखायला सोपा आहे, जाड, गाईच्या जिभेसारखी पानं, लहानपणी समोरासमोर दोन रांगांत, कडेला एलोवेरासारखे काटे नाहीत, आणि पानभर पांढरट ठिपके. काही जातींत ठिपके सपाट, काहींत उठावदार, बोट फिरवलं की खरखर लागते.

जागा म्हणाल तर पूर्वेची गॅलरी बेस्ट, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड. पानं तांबूस पडली तर ऊन जास्त होतंय, फिकट आणि लांबुळकी झाली तर उजेड कमी पडतोय. पश्चिमेची गॅलरी असेल तर ग्रीन नेट लावा, नाहीतर एखाद्या मोठ्या झाडाच्या मागे सरकवा.

आता माती, कारण इथेच निम्मं काम आहे. माळव्याची काळी माती सोयाबीनला छान असेल हो, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. मी दोन भाग जाड रेती किंवा विटेचे बारीक तुकडे, एक भाग गाळलेला मुरूम आणि एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळ खत घेते, थोडा कोळसा असला तर तोही. रेतीतली धूळ चाळून काढा, ती राहिली तर सगळं सिमेंटसारखं बसतं. कुंडी मातीची, खाली भोक असलेली, आणि उथळ चालेल. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं, ते तसंच कुंडीत बसवू नका, मुळांवरचं कोकोपीट हलक्या हातानं काढा, दोन-तीन दिवस सावलीत मुळं सुकू द्या आणि मगच लावा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये नाहीतर ऑक्टोबरात करा.

पाण्याचा वार ठरवू नका. बोट दोन पेरं आत घालून बघा, कोरडं लागलं तर भरपूर घाला, खालून निथळू द्या, बशीत साचलेलं ओतून टाका. उन्हाळ्यात संध्याकाळी घालायचं. बोरिंगच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडतात आणि मग ठिपके कुठले अन् डाग कुठले कळत नाही, म्हणून पाणी मातीवरच. जून ते सप्टेंबर छपराखाली ठेवा, हवेतच ओल असते, तेव्हा कधीकधी पंधरा दिवस पाणी नाही घातलं तरी चालतं. पानावर काळे खोलगट डाग दिसले की ती फंगस, तेवढं पान काढून टाका, कुंडी कोरडी ठेवा. थंडीत पण पाणी कमीच, आणि ग्वाल्हेरकडच्यांनी जानेवारीच्या रात्री कुंडी घरात घ्यावी.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ती मिलीबग नावाची कीड, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, आठवड्यानं परत बघा.

हिवाळा सरताना लांब दांडा येतो आणि त्यावर खाली पोट सुटलेली गुलाबी-केशरी फुलं लटकतात, टोकाला हिरवी. आफ्रिकेत शिंजीर त्यातला मध पितात, आपल्याकडचे जांभळे शिंजीर पण येऊन चोच घालून जातात.

नवीन रोपं करायला बाजूची पिल्लं वेगळी करा, हे सगळ्यात सोपं. पानापासूनही होतं, निरोगी पान बुडापासून काढायचं, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून काप सुकवायचा, मग रेतीत उभं खोचायचं आणि विसरून जायचं, कारण पिल्लू दिसायला महिने लागतात, वाढच मुळात हळू. फक्त तुमच्याकडे पिवळ्या पट्ट्यांची जात असेल तर पानापासून आलेल्या रोपात पट्टे उतरतीलच असं नाही, तिथे पिल्लूच काढा.