अमेरिकेत हीटिंगचे बिल झेपत नसेल, तर मदत कशी मिळवून द्यावी

न्यू जर्सीत किंवा अमेरिकेच्या अन्य थंड राज्यात तुमच्या ओळखीचे एखादे अल्प उत्पन्नाचे कुटुंब असेल, तर ‘लायहीप’ (LIHEAP) या, घर गरम ठेवण्याच्या बिलासाठी मदत देणाऱ्या सरकारी योजनेचा अर्ज भरायला त्याला हात द्यावा. १९८१ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत पैसा केंद्राचा असला, तरी अर्ज, मुदती आणि रकमा राज्ये ठरवतात. म्हणून शेजारच्या राज्यातील नातेवाइकाच्या अनुभवावर विसंबू नये.

उत्पन्नाची मर्यादा संघीय दारिद्र्यरेषेच्या दीडपट किंवा राज्याच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या उत्पन्नाच्या) ६० टक्के, यांपैकी जी जास्त असेल तिच्यापलीकडे राज्याला नेता येत नाही. मात्र काही राज्ये ती याहून कमी ठेवतात. २११ या मदत क्रमांकावर फोन केल्यास जवळचे अर्ज-केंद्र कळते. ताजे बिल, घरातील सर्व कमावत्यांच्या पगारचिठ्ठ्या, ओळखपत्रे आणि भाडेकरार आधीच एकत्र ठेवावा, कारण अर्ज बहुधा कागदांपायीच अडकतात. बिल थकल्याशिवाय अर्ज करता येत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट निधी मर्यादित असतो आणि संघीय आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे थंडी पडण्याआधीच अर्ज देणे शहाणपणाचे. हीटिंग भाड्यातच धरलेले असले, तरी न्यू जर्सीसह अनेक राज्यांत भाडेकरूला अर्ज करता येतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

वीज किंवा गॅसची जोडणी तोडण्याची नोटीस आली असेल किंवा हीटिंगच्या टाकीतले तेल संपत आले असेल, तर साधा अर्ज देऊन थांबू नये, तातडीची मदत हवी असे स्पष्ट सांगावे. पात्र कुटुंबाला अशी मदत ४८ तासांत, आणि जिवाला धोका असल्यास १८ तासांत मिळावी, असे कायदा सांगतो. घरात तान्हे मूल किंवा आजारी वृद्ध असल्यास तेही नोंदवून घ्यावे.

न्यू जर्सीत लायहीपच्या लाभार्थींची वीज व गॅस १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात तोडता येत नाही. परंतु थकबाकी साचतच राहते, म्हणून जमेल तेवढी रक्कम भरत राहावी. तेल किंवा प्रोपेन पुरवणाऱ्या विक्रेत्याला हे बंधन लागू नाही.

अर्ज नाकारला गेला किंवा निर्णय विनाकारण लांबला, तर सुनावणी मागण्याचा हक्क आहे. मंजुरीनंतर त्याच केंद्रात घराच्या उष्णतारोधनाच्या मोफत योजनेचीही चौकशी करावी. भाडेकरूंना त्यासाठी घरमालकाची संमती लागते.