ट्रिगर घेण्याआधी फ्लॅशचं घराणं ठरवा

ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून दूरचा फ्लॅश वायरशिवाय उडवणारं यंत्र. माझा पहिला ट्रिगर फक्त फ्लॅश उडवायचा. सॉफ्टबॉक्स आठ फूट उंच स्टँडवर, आणि पॉवर १/१६ची १/८ करायची तर स्टँड उतरवा, बटण दाबा, परत चढवा. तेवढ्यात समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरून गेलेलं असायचं. तेव्हापासून मी ट्रिगरमध्ये आधी हेच बघतो: प्रत्येक ग्रुपची (एकत्र बदलणाऱ्या फ्लॅशच्या गटाची) पॉवर कॅमेऱ्यापाशी उभं राहून बदलता येते का? मुख्य लाइट ‘ए’मध्ये, केसांमागची ‘बी’मध्ये, बोटाने फिरवलं की झालं.

पण त्यासाठी फ्लॅश आणि ट्रिगर एकाच घराण्यातले, म्हणजे एकमेकांची वायरलेस भाषा समजणारे लागतात. गोडॉक्स कंपनीच्या ट्रिगरवरून प्रोफोटो कंपनीच्या फ्लॅशची पॉवर बदलत नाही. म्हणून पुढच्या काही वर्षांत कुठले फ्लॅश घेणार, ते आधी ठरवा. ट्रिगरचा सिग्नल घेणारा रिसीव्हर फ्लॅशच्या आतच असेल तर फार बरं; बाहेरून जोडायचा म्हणजे आणखी एक बॅटरी सांभाळा. ट्रिगर तुमच्याच कॅमेरा कंपनीसाठीचा घ्या. कॅननसाठीचा निकॉनवर लावलात तर टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवणं) आणि हाय-स्पीड सिंक (फार वेगवान शटरवरही फ्लॅश वापरता येणं) मिळणार नाही.

हाय-स्पीड सिंक सगळ्यांना लागत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जास्त शटर स्पीड, १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास असतो. त्यापुढे गेलात की फोटोत काळा पट्टा येतो. भर उन्हात अ‍ॅपर्चर उघडं ठेवून पोर्ट्रेट काढत असाल तर घ्याच, मात्र त्यात दोनेक स्टॉप प्रकाश जातो (एका स्टॉपला निम्मा) हे धरून चाला. घरात काढणाऱ्याने त्यासाठी पैसे घालू नयेत.

नुसत्या ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडवणाऱ्या सेन्सरवर, विसंबू नका. उन्हात तो आंधळा होतो, आणि दुसऱ्या कुणाच्या टीटीएलच्या प्री-फ्लॅशनेही (फोटोआधी मापासाठी चमकणाऱ्या उजेडानेही) उडतो.

जुना फ्लॅश वापरायचा असेल तर आधी मल्टिमीटरने त्याचा ट्रिगर व्होल्टेज (त्याच्या जोडणीच्या टोकांवरचा) मोजा. काहींचा २०० व्होल्टच्याही वर असतो. ट्रिगरच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेशी ताडून पाहिल्याशिवाय जोडू नका.

आजचे बरेच ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायच्याच गर्दीत. चॅनल आणि आयडी (आपल्या फ्लॅशचा ओळख क्रमांक) दोन्ही बदलता येणारा घ्या. फ्लॅश अगदी हाताशी असूनही उडत नसेल तर मेनूत जवळच्या अंतराची सेटिंग शोधा; गोडॉक्सच्या काही ट्रिगरमध्ये ती ०–३० मीटर अशी असते.

नवा ट्रिगर आला की फ्लॅश भिंतीपलीकडे ठेवून कमी पॉवरवर ५० फोटो काढा. किती वेळा फ्लॅश उडाला नाही, ते मोजा. दोनदाही चुकला तर मी तो परत करतो.