जुनं दुखणं घेऊन रात्री कॅज्युअल्टीत जाताना

कंबर, मान किंवा नसांचं जुनं दुखणं रात्री दोनला उसळलं, की माणूस सांगलीच्या नाहीतर साताऱ्याच्या सिव्हिलला, तिथल्या कॅज्युअल्टीत म्हणजे तातडीच्या विभागात धावतो. खटका उडतो तो बहुधा पहिल्याच वाक्याला. "पाच वर्षं दुखतंय" म्हटलं, की समोरून येतं, "मग ओपीडीला का नाही आला?" कॅज्युअल्टीला आधी एवढंच बघायचं असतं, की आज जिवाला किंवा हातापायाला धोका आहे का. शेजारच्या खाटेवर विषारी औषध प्यालेला पेशंट असेल, तर तुमचा नंबर मागं जाणारच.

म्हणून बोलायला आजपासून सुरुवात करा. "कालपर्यंत संडासला चालत जात होतो, संध्याकाळी सहापासून उभं राहता येत नाही." दुखणं दहापैकी किती, असं विचारलं तर नुसतं "दहा" सांगू नका. "रोज चार असतं, आज आठ" यातून डॉक्टरांना काहीतरी कळतं. (जुना पेशंट कळा गिळून गप्प बसायला शिकलेला असतो. नाडी-बीपी नॉर्मल आहे म्हणून दुखत नाही असं होत नाही, हे स्टाफनंही धरून चालावं.)

लघवी अडकली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, ताप किंवा छातीत कळ आली, तर ते विचारायची वाट न बघता सांगा. घरीच हे जाणवलं तर 108 लावा.

फायलीचं बाड नको, एक कागद न्या. त्यावर आजाराचं नाव, नेहमीचे डॉक्टर, ॲलर्जी, किडनी-अल्सर-शुगरचा त्रास आणि गेल्या 24 तासांत घेतलेली प्रत्येक गोळी, मिलिग्रॅम आणि वेळेसकट. "पांढरी गोळी" चालत नाही, स्ट्रिपच न्या. घोळ इथंच होतो. पॅरासिटामॉल 650 च्या चार गोळ्या म्हणजे 2600 मिलिग्रॅम. कॉम्बिनेशनच्या (दोन औषधं एकत्र असलेल्या) गोळीत पॅरासिटामॉल आणखी 325 असतं, तशा चार घेतल्या की 3900. दिवसाची कमाल मर्यादा 4000, आणि सलाईनमधून दिलं जाणारं एकदम 1000, म्हणजे मर्यादा ओलांडलीच. डायक्लोफिनॅक आणि ॲसिक्लोफिनॅक ही दुखण्यावरची औषधं एकाच घरातली, एकावर एक पडली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीला मार बसतो. ट्रॅमाडॉल (दुखण्यावरची जोरदार गोळी) चालू असेल आणि रात्री नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीनही, तर फिट येण्याचा धोका वाढतो. सांधेदुखीची बिननावाची पुडी घेत असाल तर लाजू नका, तीही सांगा. तिच्यात बरेचदा स्टेरॉइड निघतं.

"तेच इंजेक्शन मारा" म्हटलं, की संशय येतो. त्याऐवजी म्हणा, "मागच्या वेळी यानं सहा तास उतार पडला, यानं उलट्या झाल्या. आज काय देता येईल?" ट्रॅमाडॉल 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, त्यामुळं अनोळखी पेशंटला महिन्याच्या गोळ्या रात्रीचे डॉक्टर लिहून देत नाहीत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. स्टाफनंही "नाटक करतोय" हे शब्द टाळावेत. "धोक्याचं काही नाही, पण दुखतंय हे खरं आहे. अर्ध्या तासानं परत बघतो," असं सांगून खरंच परत आलं, तर निम्मी भांडणं होत नाहीत.

सोबत एकच माणूस न्या, आवाज चढवणारा नको. निघताना काय दिलं, किती वाजता आणि पुढची गोळी कधी घ्यायची, हे केसपेपरवर लिहून घ्या. सकाळी ओपीडीत तोच पेपर आधी दाखवा.